उजवीकडचा ब्रेक

मला आयुष्यात एकही मोटार चालवता आली नाही. मोटारच काय, सायकलसुद्धा नाही. पण आमच्या मालगुजारांकडच्या दोन अमेरिकन गाड्यांमधला फरक कुणी मला झोपेतून उठवून विचारला, तरी मी सांगेन, आणि समोरचा नीट ऐकत नसेल तर चिडेनही. एक होती तेवीसची आणि दुसरी एक्कावन्नची. देवळीकडे आमच्या गावात गाडीच्या कंपनीचं नाव कुणी घेत नसे, कितवं मॉडेल एवढंच विचारत, म्हणून मीही तेवढंच सांगते. नाव न घेण्याची सवय मला तशीही होतीच. या दोन्ही गाड्या ज्यांनी चालवल्या त्यांच्याशी माझं लग्न झालेलं होतं, आणि नवऱ्याला आम्ही 'हे' म्हणायचो. इथेही तसंच म्हणणार आहे.

तेवीसची थोरल्या मालकांची. काळी, उंच, वर कापडी टप, चाकांना लाकडी आरे. ती बटणाबिटणाने सुरू व्हायची नाही. पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, तेही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, कारण हँडल उलटं फिरलं की मनगटच मोडायचं. थंडीत मी चुलीवर पाणी तापवून द्यायची, हे ते रेडिएटरमध्ये ओतायचे, तेव्हा कुठे ती खोकायला लागायची. एकदा सुरू झाली की मात्र अशी थरथरायची की शेजारच्या गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहत. तिच्यात बसून बोलायचं म्हणजे ओरडायचं.

तिच्या पायाशी तीन पायडलं होती. डावं दाबलं की गाडी दमाने चढायची आणि सोडलं की पळायची. मधलं दाबलं की मागे जायची. उजवं दाबलं की थांबायची. पेट्रोलला पायडलच नव्हतं, त्याची काडी स्टिअरिंगखाली, बोटाने खालीवर करायची. हे मला सगळं पाठ आहे, कारण लग्नानंतर पहिलं वर्षभर हे माझ्याशी दुसरं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

पेट्रोलची टाकी सीटखाली असायची आणि पेट्रोल आपलं आपण उतरून इंजिनाकडे जायचं. टाकीत कमी असलं आणि चढ लागला की ते पुढे पोहोचायचंच नाही. मग हे गाडी वळवत आणि उलटी चढवत. आमच्या लग्नात थोरल्या मालकांनी हौसेने गाडी दिली होती. माझ्या माहेराहून, रोहण्याहून निघालो, पुढे चढ लागला, आणि मागे बसलेल्या नवरदेवानेच चालवायला बसून गाडी फिरवली. सगळा चढ मी माहेराकडे तोंड करून सासरी गेले. रडायचं ठरवलं होतं ते राहूनच गेलं, इतकं हसू आलं.

मग थोरले मालक वारले. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, आधीच गेली होती, कापसाच्या जिनिंगचा कारखाना तेवढा राहिला होता. तो छोटे मालक बघायला लागले. ते नागपूरला कॉलेजात शिकून आलेले, आणि त्यांनी नागपुरातूनच ती एक्कावन्नची आणली. कुणीतरी वापरलेली, पण आमच्यासाठी नवी कोरी. हिरवी, बसकी, रुंद, पुढची सीट अख्खी एक, दिवाणासारखी. बटण दाबलं की सुरू. गिअर स्टिअरिंगलाच. आत रेडिओ आणि घड्याळ. काचा वर केल्या की बाहेरचा आवाज बाहेर आणि आतला आत, इतका की मागे बसलेल्याचा सुस्कारा पुढच्याला ऐकू जावा. जुनी गाडी रस्त्याने गेली की पोरं म्हणायची, ड्रायव्हरची मोटार आली. नवी आली तेव्हा म्हणाली, मालकांची मोटार आली. हा फरक मला त्याच दिवशी खुपला.

आणि तिच्या पायाशीही तीन पायडलं होती. इथेच घोळ झाला. डावं दाबायचं ते गिअर बदलायला. ब्रेक मधलं. आणि उजवं, ज्यावर यांचा पाय पंधरा वर्षं गाडी थांबवायला पडत आला होता, ते दाबलं की ही नवी बया उधळायची.

पहिल्याच सकाळी मालकांच्या अंगणात हे चालवायला बसले. गाडी छान निघाली, विहिरीला वळसा घातला. तेवढ्यात एक कोंबडी आडवी आली. छोटे मालक ओट्यावरून ओरडले, "रोक! रोक!" यांनी उजवा पाय दाबला, आणि गाडी कोंबडीला सोडून थेट कडब्याच्या गंजीत शिरली. कुणाला लागलं नाही. गडीमाणसं पोट धरून हसली, छोटे मालक मात्र हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता तो. गंजीतून गाडी काढून झाल्यावर शांतपणे म्हणाले, "दादा, दिवाळीपर्यंत शिका. नाही जमलं तर नागपूरहून माणूस आणतो. तुम्हाला काढणार नाही. जिनिंगच्या फाटकावर बसा आरामात."

हे घरी आले ते कपड्यांवर कडब्याचा भुसा घेऊन. जेवायला वाढलं तर ताटाकडे बघत बसले.

"फाटकावर मी नाई बसणार," ते म्हणाले.

"मंग काय करसान?"

"काई बी करीन. पण रोज सकाळी माया हातानं फाटक उघडीन आन् दुसरा माणूस गाडी काढन, हे मले पाह्यल्या जाणार नाई."

माझा स्वभाव पहिल्यापासून तापट. मला दया येते तीसुद्धा रागाच्या वाटेने. मी म्हटलं, मालकांकडे तिसरी गाडी येणार नाही, शिकायची तर हीच शिकायची. पण छोटे मालक रोज गाडी थोडीच देणार होते? आठवड्यातून एकदा, शेताच्या वाटेवर, तेही शेजारी बसून. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात यांच्यासाठी एक पाट मांडला आणि पाटापुढे तीन वस्तू ठेवल्या. डावीकडे वीट, उजवीकडे उशी आणि मधोमध एक फुटका लोखंडी तवा उपडा.

"अवो, इथी बसा. वीट म्हंजे गिअर. उशी म्हंजे पेट्रोल. तवा म्हंजे ब्रेक. तवा वाजला पाह्यजे."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओसरीवर वाती वळत होत्या. "ज्याच्यावर भाकर होते त्याले पाय लावता?" त्या म्हणाल्या. तवा फुटका आहे, आता त्याच्यावर भाकर होत नाही, असं सांगितल्यावर गप्प झाल्या, पण तोंड तिकडे फिरवून बसल्या.

मी समोर भाजी निवडत बसायची आणि मधेच ओरडायची, "म्हैस आली, थांबा!" यांचा पाय उशीत. "मेली म्हैस," मी म्हणायची. "पोरगं आडवं आलं, थांबा!" पुन्हा उशी. त्या पहिल्या आठवड्यात आमच्या अंगणात अर्ध्या गावाची जनावरं मेली. हळूहळू, सावकाश सांगितलं की यांचा पाय बरोबर तव्यावर जायला लागला. पण अचानक ओरडलं की उशीच.

"इचार केला का मधलं येते," हे म्हणायचे. "इचार नाई केला का उजवं जाते."

हे मला फार नेमकं वाटलं. पंधरा वर्षं मागे बसून थोरले मालक 'रोक' म्हणत आले होते आणि यांचा उजवा पाय ते ऐकत आला होता. म्हणजे शब्द यांच्या कानात शिरून डोक्यात जातच नव्हता, परस्पर पायात उतरत होता. मी 'थांबा' म्हणून पाहिलं, 'ब्रेक' म्हणून पाहिलं, 'बस' म्हणून पाहिलं. थांबण्याचा कुठलाही शब्द असला की पाय उजवीकडे. मग म्हटलं, थांबण्याशी संबंध नसलेला शब्द घेऊ. मी 'भाकर' म्हटलं. हे इतके हसले की दोन्ही पाय हवेत. मी 'वांगं' म्हटलं, तर हे म्हणाले, "वांगं आडवं आलं काय?"

दिवाळी पंधरा दिवसांवर आली. एका दुपारी चार म्हशी लागोपाठ मेल्यावर हे पाटावरून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "जाऊ दे व. फाटक त फाटक."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाह्यल्या जाणार नाही म्हणणारा माणूस फाटक त फाटक म्हणतो! मी ओरडले. काय ओरडले? यांचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच, तेही महादेवाच्या आणि बेलाच्या आडोशाने, लाजत. आता नुसतं, उघडं, मागे राव नाही की पुढे काही नाही. हे धपकन पाटावर बसले आणि तवा खण्णकन वाजला.

दोघंही तव्याकडे बघत राहिलो.

"काय म्हटलं तू?"

"काई नाई."

"पुन्हा म्हण."

"नाई म्हणत. तोंडून गेलं."

"अवं, तवा वाजला!"

त्याचं कारण आम्हाला पुढे उमगलं. माझ्या तोंडून ते नाव यांनी कधी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे त्या आवाजाची यांच्या पायाला काही सवयच लागलेली नव्हती. कोरा शब्द होता तो. त्याला आम्ही मधलं पायडल शिकवलं. एक म्हैस, एक नाव, एक तवा. रोज दुपारी तीस-चाळीस वेळा. पहिल्या दिवशी मी तोंडाला पदर लावून नाव घेत होते. चौथ्या दिवशी मी मेथी निवडताना सहज हाक मारत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती.

पण आमचं अंगण म्हणजे काही एक्कावन्नची गाडी नव्हती, आवाज आतल्या आत राहायला. शेजारणीने ऐकलं आणि आत्याबाईंना सांगितलं, की तुमची सून भरदुपारी नवऱ्याला नावाने हाका मारते, तिला काही झालं असेल तर वेळीच बघा. आत्याबाई दुपारी मारुतीच्या पारावर बसायला जायच्या, त्या दिवशी लवकर परतल्या.

"तुले माया लेकाचं आयुष्य कमी करायचं हाय काय?"

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं तेव्हा सगळ्याच मानत. मी मानत नव्हते, असं आज म्हणणं सोपं आहे, कारण हे पुढे चांगले ऐंशी पार करून गेले. तेव्हा प्रत्येक हाकेनंतर मी मनातल्या मनात महादेवाची क्षमा मागायची. पण मागे हटणं मला कधी जमलं नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, मंग तुमीच घ्या नाव. तुमाले त चालते."

त्या पदर खोचून पाटासमोर उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात हाक मारली. हे मान वर करून म्हणाले, "काय व माय?" पाय जागचा हलला नाही. त्यांनी पुन्हा मारली. "अवं काय?" आईच्या हाकेला ओ द्यायची पस्तीस वर्षांची सवय, पाय कशाला हलेल? आत्याबाईंनी एकदा त्या तव्याकडे बघून घेतलं. मग चपला घालून दारातून वळल्या. "घे बाई नाव," त्या म्हणाल्या. "पण मी पारावर गेली का घेजो. मले ऐकू येऊ देजो नको." त्या दिवसापासून त्या दुपारी पारावर तासभर जास्त बसायला लागल्या.

भाऊबीजेला छोट्या मालकीणबाईंना वर्ध्याला माहेरी जायचं होतं. छोटे मालक म्हणाले, आज दादा चालवतील, बघू काय ते. मालकीणबाईंनी सोबतीला मला घेतलं. मागे त्या आणि मी, पुढे हे आणि शेजारी छोटे मालक. यांनी नवा सदरा घातला होता आणि मानेवर घाम होता. मी देवाला इतकंच सांगितलं, की आज वाटेत कोंबडी नको.

गाडी सुरेख चालली. गिअर पडतोय ते कळतसुद्धा नव्हतं. देवळी सुटली, रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. छोट्या मालकांनी रेडिओ लावला, म्हणजे खूश होते. पुढे वर्ध्याच्या बाजाराला निघालेल्या कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागली. हे हळूच उजवीकडून काढायला लागले. तिसऱ्या की चौथ्या बंडीच्या आडून एक बंडीवाला पागोटं बांधत बांधत, आमच्याकडे पाठ करून, सरळ रस्त्यावर आला.

"रोक!" छोटे मालक ओरडले.

गाडी उसळली. ती पुढे झेपावल्याचं मला पाठीत कळलं, आणि त्याच क्षणी मी यांचं नाव घेतलं. पाटासमोर घ्यायची तसं नाही. काचा लावलेल्या त्या गाडीत ते असं घुमलं की मालकीणबाईंनी कानांवर हात ठेवले. गाडी करकचून थांबली. माझं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. मान वर करून बघते तर बंडीवाला उभा, एक हात आमच्या बॉनेटवर, दुसऱ्या हातात पागोट्याचं टोक.

"काऊन बा," तो म्हणाला, "मोटार खायले उठली काय?"

मग पागोट्याचा उरलेला फेर बांधून तो आपल्या बंडीकडे गेला. रेडिओवर कुणीतरी गात होतं ते छोट्या मालकांनी बंद केलं. यांनी चावी काढली आणि मालकांपुढे धरली.

"पाय चुकला, मालक. आधी उजवाच गेलता. नागपूरचा माणूस बोलवा."

मी मागे बसून सगळं ऐकत होते आणि मला काही करता येत नव्हतं. एवढा राग आला होता आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. पायावर? गाडीवर? फाटक मला डोळ्यांसमोर स्पष्ट दिसत होतं, त्याची कडी, त्याचा कुलपाचा साखळदंड.

छोट्या मालकांनी चावी घेतली नाही. ते खाली बघत होते. तसेच म्हणाले, "दादा, माझा पाय बघा."

आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. त्यांच्या बाजूला पायडल-बियडल काहीच नव्हतं, नुसता सपाट पत्रा. त्या पत्र्यावर छोट्या मालकांचा उजवा बूट इतका गच्च रोवलेला होता की गुडघा ताठ झाला होता. त्यांनी तो उचलला तेव्हा कुठे त्यांच्या अंगात जीव आला.

"जुन्या गाडीवर मला कुणी शिकवलं?" ते म्हणाले. "तुम्हीच ना? मी सहा महिने नवी गाडी चालवतोय, तरी माझाही उजवाच गेला. तुमचा निदान परत तरी आला." मग मान मागे न वळवता, जरा अडखळत म्हणाले, "आता मी 'रोक' म्हणणार नाही. काहीच म्हणणार नाही. चला, बाईंची ओवाळणी खोळंबली."

यांनी चावी परत लावली. मग बटण दाबलं. त्या गाडीच्या इंजिनाचा आवाज मला जन्मात तेव्हाएवढा गोड कधी लागला नाही, आणि मी पदराआड मनसोक्त रडून घेतलं.

वर्धा जवळ आल्यावर मालकीणबाईंनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "असं नाव घेताना भीती नाही वाटली?" मी म्हटलं, "वाटली." त्यांनी छोट्या मालकांच्या पाठीकडे पाहिलं, ओठ हलवून पाहिले, आणि लाजून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

फाटकाची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही. नागपूरचा माणूस आला नाही. लोक मला विचारतात, दोन्हींतली कुठली गाडी चांगली? जुनी माणसाळलेली होती, तिला सगळं हाताने करून द्यावं लागे आणि तीही ड्रायव्हरला ओळखून असे. नवी आरामाची, शहाणी, पण तिच्याशी ओळख करून घ्यावी लागली, ती आपण होऊन कुणाची झाली नाही. मी नवीच्या बाजूने आहे, आणि त्यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

त्या हिवाळ्यात मालकीणबाईंनी मला पुन्हा एकदा वर्ध्याला सोबत नेलं. छोटे मालक नव्हते, आम्ही दोघीच मागे. थंडी म्हणून काचा वर. बाजाराच्या अलीकडे गर्दी लागली. बंड्या, सायकली, सरकारी बस, मधेच शाळेची पोरं. हे गाडी सावकाश पुढे काढत होते. आणि त्या बंद, शांत गाडीत मला पुढून काहीतरी ऐकू आलं. एक पोरगं रस्त्याकडे धावलं, पुढून पुटपुटण्याचा आवाज आला, गाडी अलगद थांबली. बैल आडवा झाला, पुन्हा पुटपुटणं, पुन्हा अलगद थांबली. मी कान दिला. हे स्वतःलाच हाक मारत होते. स्वतःचंच नाव, पण माझ्या तोंडचं. शेवटचं अक्षर मी रागात जसं ओढते, अगदी तसंच ओढून.

"काय म्हणतात गं ते?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काई नाई, बाई," मी म्हणाले. "ब्रेक पाहून राह्यले."